सिमेंटचा हिशेब कोण देणार?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली या चार उद्योगांतील कारखान्यांना हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची बंधनकारक उद्दिष्टे ठरवून दिली. नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी वायू सोडणाऱ्या कारखान्याला कर्बपत्रे मिळतील आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला ती बाजारातून विकत घ्यावी लागतील, अशी ही व्यवस्था आहे. धुराचाही बाजार मांडता येतो हे भांडवलशाहीने यापूर्वीच सिद्ध केले असल्यामुळे त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आणि काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असणे बरे, या न्यायाने या निर्णयाचे स्वागत करायलाही हरकत नाही. मात्र या उद्दिष्टांच्या मुळाशी असलेला ‘तीव्रता’ हा शब्द नीट तपासला पाहिजे. एक टन माल तयार करताना किती वायू बाहेर पडला एवढेच येथे मोजले जाणार आहे. एकूण किती टन माल निघाला, तो कोठे गेला आणि कोणाच्या उपयोगी पडला, हे प्रश्न या हिशेबवहीत येतच नाहीत. टनामागील धूर पाच टक्क्यांनी घटला आणि टनांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली, तर कारखानदार बक्षिसास पात्र ठरेल आणि आकाशातला वायू मात्र वाढलेलाच असेल.

सिमेंटचा दोष त्याच्या रसायनातच आहे. इंग्लंडमधील लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. तेव्हापासून भट्ट्या सुधारल्या, परंतु मूळ क्रिया बदललेली नाही. चुनखडी आणि माती एकत्र दळून सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापविली की क्लिंकर नावाचे काळसर खडे तयार होतात आणि त्यांत जिप्सम घालून पूड केली की सिमेंट होते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना हाती येतो. उरलेला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यावाटे निघून जातो. हा वायू कोळशातून नव्हे, दगडातून येतो. म्हणून उद्या भट्टी निव्वळ सूर्याच्या उष्णतेवर चालविली तरी सिमेंटच्या उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक वाटा जागच्या जागी राहील. जगात दरवर्षी सुमारे चारशे कोटी टन सिमेंट तयार होते आणि माणसाने हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी सात ते आठ टक्के एकट्या या उद्योगाचा असतो. उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. येथील वार्षिक उत्पादन ४० कोटी टनांच्या पुढे गेले आहे. काँक्रिटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २४०० किलो भरते. त्यात सिमेंट तीनशे-चारशे किलोच असते, पण काँक्रिटच्या माथी बसणारे बहुतेक सारे पाप त्या तीनशे-चारशे किलोंचेच आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. ‘काँक्रिट कमी वापरा’ हा उपदेश गरीब देशाला ज्यांच्याकडून ऐकावा लागतो त्यांची स्वतःची घरे, पूल, धरणे आणि विमानतळ केव्हाच बांधून झालेले आहेत. अमेरिकेने संपूर्ण विसाव्या शतकात जेवढे सिमेंट वापरले त्याहून अधिक चीनने २०११ ते २०१३ या अवघ्या तीन वर्षांत वापरले, हे खरे. पण भारतात आजही माणशी वार्षिक वापर सुमारे तीनशे किलो, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा बराच कमी आहे. आणि ज्यांना मातीच्या घरांवर काव्य सुचते त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींवर मातीचा भार वाहणारी माळवदे होती. भूकंपाच्या काही क्षणांत ती खाली आली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या पिढीने ‘पक्के घर’ या शब्दांचा अर्थ लोखंड आणि सिमेंट असा लावला असेल तर तो तिचा अडाणीपणा नव्हे, अनुभव आहे. न गळणारे घर, न कोसळणारी शाळा, पावसाळ्यात न तुटणारा पूल यांसाठी लागणारे काँक्रिट हा वंचितांचा हक्क आहे आणि हवामानबदलाच्या नावाखाली त्यात कपात सुचविणाऱ्याला विरोधच केला पाहिजे.

परंतु ‘देशाला काँक्रिट हवे आहे’ या वाक्यातील ‘देश’ म्हणजे नेमका कोण? २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेच सांगितले की, त्यांतील सर्वांत मोठा वाटा मुंबईचा, म्हणजे सुमारे ४ लाख ८० हजार घरांचा होता. याच जनगणनेत बृहन्मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत नोंदली गेली. आकडे जुने आहेत हे मान्य केले, तरी त्यानंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे पाहून परिस्थिती उलटली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. रिकाम्या घराच्या सिमेंटनेही भट्टीतून तेवढाच वायू सोडलेला असतो. त्यात कोणी राहत नाही म्हणून तो परत येत नाही. त्यातच मोटारींसाठी राखलेल्या मजल्यांना चटईक्षेत्राच्या मोजणीतून सूट मिळते. माणसाच्या खोलीचा प्रत्येक चौरस फूट मोजून द्यावयाचा आणि गाडीच्या निवाऱ्यासाठी पाच-पाच, सात-सात मजल्यांचे काँक्रिट बिनमोजणीचे ओतू द्यावयाचे, असा हा नियम आहे. काँक्रिटचा कर्बभार कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अनावश्यक काँक्रिट न ओतणे. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. रिकाम्या घरांवर जबर कर बसविणे, वाहनतळांची सूट काढून घेणे आणि भक्कम इमारत पाडण्यापूर्वी ती दुरुस्त का होत नाही याचे कारण लेखी मागणे, एवढे राज्य सरकारला आजही करता येईल. मोडकळीस आलेल्या चाळींतील भाडेकरूंची गोष्ट वेगळी. तेथे प्रश्न जिवाचा आहे. पण तीस-चाळीस वर्षे वयाच्या धडधाकट इमारती केवळ वाढीव चटईक्षेत्राच्या लोभाने जमीनदोस्त होतात, तेव्हा जुन्या काँक्रिटचा राडारोडा आणि नव्या काँक्रिटचा धूर असा दुहेरी बोजा समाजावर पडतो.

सिमेंट आणि सत्ता यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. सिमेंटच्या किमतीवर व वाटपावर सरकारी नियंत्रण होते त्या काळात, कोणत्या बिल्डरला किती गोणी आणि कशाच्या मोबदल्यात, या प्रश्नावरून विधिमंडळ आणि न्यायालय दोन्ही दणाणून गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्णपणे गेले. परवान्यांचे ते राज्य परत यावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्या प्रकरणातून चुकीचा धडा घेतला गेला. वाटपात भ्रष्टाचार झाला म्हणून वाटपच नको, आणि प्राधान्य ठरविण्याचा समाजाचा अधिकारही नको, असे ठरून गेले. पुढे बाजाराने काय केले? २०१२ साली भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताने भाव चढविल्याच्या आरोपावरून बड्या सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण नंतर अपिलांत गेले; पण खुली स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करते या श्रद्धेला त्यामुळे तडा गेला तो गेलाच.

आता तंत्राकडे वळावे, कारण येथे निराशेला खरोखरच जागा नाही. सिमेंटमधील क्लिंकरचे प्रमाण कमी करणे ही त्यातली गुरुकिल्ली आहे. औष्णिक वीजकेंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याची मळी, म्हणजे स्लॅग, क्लिंकरच्या जागी बऱ्याच प्रमाणात चालते. भारतीय मानकानुसार राखेच्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख आणि स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग घालता येतो. भारतीय सिमेंटचे टनामागील उत्सर्जन सरासरीने सहाशे किलोच्या आसपास आहे आणि ते अनेक श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे, याचे मोठे श्रेय या मिश्रणाला जाते.

मग हे मिश्रण अधिक का वापरले जात नाही? याचे उत्तर रसायनात नसून व्याजाच्या दरात आहे. राख किंवा स्लॅग मिसळलेले काँक्रिट शेवटी तेवढेच, किंबहुना अधिक टिकाऊ होते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर ते लोखंडाचे रक्षणही चांगले करते. पण ते सावकाश बळ धरते. साध्या सिमेंटचे काँक्रिट पहिल्या आठवड्यातच बरेच घट्ट होते आणि त्याचे सेंटरिंग लवकर खोलून वरच्या मजल्यावर चढविता येते. ज्याने कर्ज काढून भूखंड घेतला आहे आणि मजल्यामागे ग्राहकाकडून हप्ता वसूल करावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने मजल्यामागचे चार दिवस म्हणजे पैसा. म्हणून उंच मनोऱ्यांच्या कामावर ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटलाच मान. बांधकामाच्या संहितेतही काँक्रिटची ताकद २८ व्या दिवशी पाहण्याची रीत आहे. स्लॅबच्या बाबतीत ती समजू शकते. पण चाळीस मजल्यांच्या इमारतीच्या पायावर पूर्ण भार येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. त्या पायाची परीक्षा ५६ व्या किंवा ९० व्या दिवशी घेतली तर कोणाचे काय बिघडेल? तेथे निम्मे क्लिंकर सहज वाचू शकते. जे वाचत नाही ते सवयीमुळे आणि घाईमुळे, आणि ही घाई राहणाऱ्याची नसून सावकाराची आहे.

राखेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि विदर्भाइतकी ती कोणालाच ठाऊक नसेल. एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, राज्यातील एक मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि राजुरा-कोरपना भागात चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखानेही आहेत. मुंबई-पुण्याच्या मनोऱ्यांसाठी डोंगर येथे फुटतो, दगड येथे भाजला जातो, वीज येथे निर्माण होते आणि धूळ व राख येथेच राहते. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, २०२२ च्या जुलै महिन्यात, कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत घुसले. राखेच्या वापरासाठी केंद्र सरकारने पहिली अधिसूचना १९९९ साली काढली होती. त्यानंतर ती वारंवार सुधारली गेली, मुदती वाढत गेल्या, आणि अखेर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई लावली. शेतात साचलेली राख सिमेंटच्या गोणीत गेली तर शेतकऱ्याचे आणि हवेचे दोघांचेही भले आहे. मात्र या उपायाची मुदत ओळखली पाहिजे. कोळशाची वीज कमी करत जाणे हेच उद्दिष्ट असेल तर राखही कमी होत जाणार. राखेच्या गरजेचे निमित्त सांगून जुनी वीजकेंद्रे चालू ठेवण्याचा युक्तिवाद उद्या कोणी केला, तर त्याला फसू नये.

राखेनंतर काय, याचे उत्तर मातीत सापडले आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबातील सांता क्लाराचे विद्यापीठ आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांनी मिळून विकसित केलेल्या या सिमेंटला ‘एलसी-थ्री’ म्हणतात. त्यात क्लिंकर निम्मेच असते. सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडीची पूड आणि थोडे जिप्सम असते. माती भाजण्यास सातशे-आठशे अंश उष्णता पुरते आणि तिच्यातून कर्बवायू न निघता पाणी निघते. एकंदर उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. भांडी घडविण्यास चालणारी चिनी माती हवी असे नाही. कमी प्रतीची, खाणीतून टाकाऊ म्हणून बाजूला काढलेली मातीही चालते. अनेक वर्षे आर्थिक कोंडी सोसणाऱ्या क्यूबासारख्या लहान देशाने यात आघाडीवर राहावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वस्तुतः या शोधात मराठी माणसाला ओळखीचे काही आढळेल. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून वाडे आणि पूल बांधण्याची विद्या या देशात होतीच. गडकिल्ल्यांवर चुन्याच्या घाण्यांची दगडी चाके आजही पडलेली दिसतात. १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियारचे धरण चुना आणि सुरखी यांनीच बांधले आहे. पोर्टलंड सिमेंटच्या दिमाखात ही विद्या मागास ठरली आणि आता ती स्वित्झर्लंडहून शास्त्रशुद्ध होऊन परत आली आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

याउलट भट्टीचा धूर पकडून समुद्राखाली गाडण्याची योजना आहे. नॉर्वेतील ब्रेविक येथे २०२५ साली असा कारखाना सुरू झाला. तो वर्षाला चार लाख टन वायू पकडणार आहे, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनाच्या सुमारे निम्मा. त्यासाठी नॉर्वे सरकारने आपली तिजोरी सढळ हाताने उघडली. तेलाच्या पैशावर गबर झालेल्या देशाला ते परवडेल. भारतात सार्वजनिक पैसा प्रथम मातीच्या सिमेंटवर खर्च झाला पाहिजे.

काँक्रिट कमी लागावे अशा बांधणीचा धडा तर केरळात पन्नास वर्षांपूर्वीच घातला गेला आहे. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पीने स्लॅबच्या खालच्या भागात जुनी मंगळुरी कौले बसविण्याची पद्धत रूढ केली. स्लॅबच्या त्या भागात ताण लोखंड घेते. काँक्रिट तेथे जवळजवळ ओझ्याचेच असते, मग तेथे कौल का नसावे, असा साधा प्रश्न त्यामागे होता. १९८५ साली केरळचे माजी कम्युनिस्ट मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि बेकर यांनी त्रिचूर येथे ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली आणि ही पद्धत गरिबांच्या घरांपर्यंत नेली. कोकणात अजूनही जांभ्याच्या चिऱ्यांनी घरे उभी राहतात; त्या चिऱ्याला भट्टी लागत नाही. अर्थात चिरेखाणींनी सडेच्या सडे खरवडून टाकले आहेत हेही नजरेआड करता येणार नाही.

या सर्व चर्चेत ज्याचे नाव कोणीच घेत नाही तो म्हणजे प्रत्यक्ष काँक्रिट कालवणारा माणूस. साध्या सिमेंटच्या काँक्रिटवर किमान सात दिवस पाणी मारावे, मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, असे संहिता सांगते. कोरड्या व उष्ण हवेत हे दिवस आणखी वाढतात. मे महिन्यात मराठवाड्यातील ज्या गावाला प्यायचे पाणी टँकरने येते तेथे घरकुलाच्या स्लॅबवर चौदा दिवस पाणी कोण मारणार? आणि नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या, ठेकेदाराने आठव्या दिवशी दुसऱ्या कामावर हलविलेल्या बिगाऱ्याने ते का मारावे? मिश्र सिमेंट पाण्यावाचून राहिले की ते कच्चे राहते, स्लॅब गळतो, आणि मग ‘राखेचे सिमेंट वाईट’ अशी आवई उठते. दोष सिमेंटच्या माथी जातो किंवा गवंड्याच्या. पाण्याची आणि दिवसांची तजवीज न करणारा ठेकेदार सुटतो. घमेली वाहणाऱ्या बायकांना आणि माल कालवणाऱ्या गड्यांना पाण्याचे प्रमाण का मोजावे, गोणपाट ओले का ठेवावे हे कोणी शिकविले आहे? काम सोपे व्हावे म्हणून मालात पाणी जास्त ओतले जाते, मग ताकद भरून काढण्यासाठी सिमेंट जास्त. अशा रीतीने अज्ञानाची किंमत गोणीत मोजली जाते. गवंड्यांचे प्रशिक्षण, तेही भरपगारी, हा कर्बभार कमी करण्याच्या कार्यक्रमाचा भाग मानला पाहिजे. त्यासाठी बांधकाम मजुरांच्या कल्याणाकरिता १९९६ च्या कायद्याने गोळा होणाऱ्या उपकराला हात लावू नये. तो पैसा मजुरांचा आहे. प्रशिक्षणाचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकातून आला पाहिजे.

काँक्रिटचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सरकारच आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग काँक्रिटचा आहे, मुंबई महानगरपालिकेने २०२३ पासून हाती घेतलेले सुमारे ७०० किलोमीटर रस्ते काँक्रिटचे आहेत. मेट्रो, कालवे, शाळा, घरकुले वेगळीच. एवढा मोठा गिऱ्हाईक दुकानदाराला मालाची जात सांगू शकत नसेल, तर ती असमर्थता नसून अनिच्छा होय. निविदेत आज काँक्रिटची ताकद लिहिली जाते, दर लिहिला जातो. घनमीटरमागे किती कर्बवायू चालेल हेही लिहावे. पायाच्या काँक्रिटची परीक्षा ५६ व्या दिवशी घेण्याची मुभा द्यावी. राडारोड्यापासून केलेली खडी साध्या काँक्रिटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि लोखंडी काँक्रिटमध्ये, ठरावीक ताकदीपर्यंत, २० टक्क्यांपर्यंत चालते असे भारतीय मानक २०१६ पासून सांगत आहे. ती न वापरणाऱ्या ठेकेदाराला कारण विचारावे. पाणी मारण्याचे दिवस मोजमाप पुस्तकात नोंदले जावेत आणि त्या दिवसांची मजुरी स्वतंत्र बाब म्हणून दिली जावी.

मानक निघाले म्हणजे माल कामावर पोचला असे होत नाही. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करताना मानकांचे ग्रंथ उघडत नाही, तो दरसूची उघडतो. तिच्यात जी बाब नाही ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते, आणि असली तरी लेखापरीक्षणाच्या भीतीने तो तिला हात लावत नाही. भाजलेल्या मातीचे सिमेंट, ५६ दिवसांची परीक्षा, कौलांचा स्लॅब आणि पाणी मारण्याची मजुरी या चार बाबी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत, दरासह, ठळकपणे छापण्यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागत नाही की दिल्लीची परवानगीही लागत नाही. पुढची दरसूची निघेल तेव्हा ती पाने प्रथम उघडून पाहावीत.